तिसऱ्या बाकावरचा मोबाइल

आज एसवायच्या तासाला एक वाक्य गाळलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तेच दुपारपासून खुपतंय.

शिवजन्मतिथीचा वाद होता. दरवर्षी रंगवून सांगते. बखरींवरून आलेला १६२७ चा वैशाख, मग टिळकांनी १९१६ साली छापलेली जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी), तिच्यातली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आणि मग ते वाक्य : "उद्या याहून भक्कम कागद सापडला, तर हेही बदलेल." खरं तर त्या वाक्यासाठीच सगळा तास असतो. आज ते ओठांवर आलं आणि तिसऱ्या बाकावरच्या पोरानं मोबाइल उचलला. मी म्हटलं, "चला, पुढचा मुद्दा."

वेळच बघत असेल बिचारा. तास संपायला पाच मिनिटं होती.

फेब्रुवारीत याच वाक्याची ६ सेकंदांची क्लिप फिरली होती. कागद गायब, नुसतं "हेही बदलेल". पुढचं लिहीत नाही. नंबर बदलला, फेसबुक बंद केलं, धाकटीला आठवडाभर शाळेत मीच सोडत होते. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, थोडे दिवस शांत राहा." शांत मी होतेच की! स्टाफरूममध्ये तर सगळेच शांत होते. असो.

शिव्यांचं एवढं काही राहिलं नाही. अर्ध्यांत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले. स्क्रीनशॉट काढता काढता मी लाल पेन शोधत होते, असं हे अजून चिडवतात. एकानं "आदरणीय मॅडम" असा मायना घालून पुढे जे लिहिलंय... संस्कार म्हणायचे.

पण वाक्य मी गाळलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोरानंही नाही.

सावित्रीबाईंवर शेणगोळे पडायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, असं दर ३ जानेवारीला मीच माइकवरून सांगते. माझं जास्तीचं लुगडं काय, तर "चला, पुढचा मुद्दा".

उद्या दुसऱ्या तुकडीला हाच भाग आहे. वाक्य टिपणात पुन्हा लिहिलंय, जरा फिरवून. कागद आणि बदल एका दमात यायला हवेत, कापायला जागाच नको. स्वयंपाकघरात घड्याळ लावून तीनदा म्हणून पाहिलं.

८ सेकंद होतात.