त्रेसष्ट सेंटिमीटरची बाबागाडी

आमच्या मुलीची बाबागाडी मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांशी मोजली, तर ६३ सेंटिमीटर रुंद भरते, आणि कोथरुडमध्ये आमच्या घराजवळच्या पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून जे लोखंडी खांब रोवले आहेत, त्यांच्यातील फट ५८ सेंटिमीटर आहे. ही दोन्ही मापे मी शिवणाच्या टेपने स्वतः घेतली आहेत. या पाच सेंटिमीटरांपायी गेल्या दोन वर्षांत जेवढे वळसे घातले, तेवढे वेताळ टेकडीवरही घातले नसतील.

गाडी माझ्या नणंदेची. ती काही वर्षे न्यूझीलंडमध्ये होती आणि तिकडे तान्ह्या मुलांना घेऊन रानवाटांवर फिरायला जाण्याची पद्धत असल्यामुळे तिने तशीच दणकट गाडी घेतली होती. तीन चाके, तिन्ही १२ इंची आणि हवा भरायच्या टायरची, मागे स्प्रिंगा, अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि वजन १२ किलो. परत येताना तिने ती सामानात आणली आणि माझी मुलगी तीन महिन्यांची असताना आमच्या दारात उभी केली. सासूबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अगं, बाळाला कडेवर घ्यायचं सोडून हा ट्रॅक्टर ढकलत फिरणार आहेस का?"

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या एका जोडप्याकडे छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी आहे, जी त्यातला नवरा एका हाताने उचलून रिक्षात टाकतो. त्या प्रकारच्या गाडीचे पेटंट १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने घेतले. स्पिटफायर या लढाऊ विमानाची उतरताना लागणारी चाके ज्या घडीच्या सांगाड्यावर बसतात, त्याचे काम त्याने पूर्वी केलेले होते, त्यामुळे हलक्या नळ्या आणि झटकन मिटणारे सांधे हा त्याच्या हातचा मळ होता. आमच्या गाडीचे घराणे वेगळे. अमेरिकेत वृत्तपत्रात काम करणाऱ्या फिल बेक्लर नावाच्या धावपटूने मुलाला बरोबर घेऊन पळता यावे म्हणून बाबागाडीला सायकलची चाके लावली आणि १९८४ मध्ये तशा गाड्यांचा व्यवसाय सुरू केला. एक गाडी मिटण्यासाठी जन्मली आणि दुसरी न थांबण्यासाठी. पहिल्या आठवड्यात मला पहिलीचा हेवा वाटत होता, हे कबूल करते.

मान धरेपर्यंत बाळाला या गाडीत बसवायचे नसते, त्यामुळे सुरुवातीला सीट काढून त्या जागी सपाट टोपली लावून आम्ही तिला झोपवून फिरवत असू. गाडीबरोबर पळण्याचा विचार तर सहा महिने होईपर्यंत डोक्यातही आणायचा नाही, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते. मला मुळात पळायचे नव्हतेच, मला कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचे होते.

ते दुकान घरापासून दोनशे मीटरांवर आहे, आणि या गाडीला सर्वांत अवघड गेलेली वाट तीच. आमच्या रस्त्यावरचा पदपथ प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी खाली उतरतो आणि फाटक संपले की पुन्हा चढतो. मध्येच झाडाचा पार येतो, विजेची पेटी येते, नारळवाल्याची गाडी येते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर निदान १.८ मीटर रुंद मोकळी वाट असावी आणि त्याची कड १५ सेंटिमीटरांहून उंच नसावी. आमच्याकडची एक कड २७ सेंटिमीटर भरली. १२ इंची चाकाची त्रिज्या जेमतेम पंधरा सेंटिमीटर असते आणि त्रिज्येहून उंच पायरीवर कोणतेही चाक नुसते ढकलून चढत नाही, मग टायर कितीही जाड असोत. बराच घाम गाळून मला जे तंत्र सापडले ते असे, की कड बुटकी असेल तर दांड्यावर भार देऊन पुढचे चाक उचलावे, आणि उंच असेल तर गाडी सरळ उलटी फिरवून, आपण आधी वर चढून, मागची दोन चाके एकदम वर ओढून घ्यावीत. मुलगी वर्षाची झाली तेव्हा ती नऊ किलोंची होती, म्हणजे दर खेपेला एकवीस किलो. दुधाची पिशवी वेगळी.

जंगली महाराज रस्त्यावरच्या रुंद पदपथावर पहिल्यांदा गाडी नेली, तेव्हा ती बोटाच्या ढकलीने सुटली आणि मला चक्क चुकल्यासारखे वाटले.

याउलट वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही पुण्यातील सर्वांत उंच टेकडी चढायला भीती वाटत होती, म्हणून एका रविवारी आम्ही वरपर्यंत मोटारीने गेलो आणि माथ्यावरच्या मुरमाच्या वाटेवर गाडी सोडली. पुढचे चाक मोकळे ठेवले होते, ते खड्यांवर थरथरायला लागले. नवऱ्याने खिट्टी दाबून ते सरळ जागी अडकवले आणि टायरमधली हवा थोडी कमी केली. त्यानंतर गाडी अशी चालू लागली, की तिथल्या दगडखाणीकडे पोहोचण्याआधी मुलगी झोपली होती. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तासभर झुलवूनही जी झोपत नसे, तिला मुरमाची ती बारीक खरखर मानवली. तेव्हापासून दर रविवार टेकडीचा ठरला. येणारेजाणारे आजोबा थांबून "हिला ब्रेक आहे का हो?" असे विचारतात. आहे, पायाने दाबायचा आहे, आणि तो दाबायला मी एकदा विसरले होते. पाणी प्यायला थांबले, दांडा सोडला आणि गाडी उताराला लागली. मनगटाला अडकवलेल्या पट्ट्याने हिसका दिला म्हणून ती दोन फुटांवर थांबली. तो पट्टा मला तोवर शोभेचा वाटत असे.

दुसरी चूक एप्रिलमधली. ऊन लागू नये म्हणून मी टपावरून पातळ ओढणी सोडून समोरची बाजू पूर्ण झाकली होती. दहा मिनिटांनी ओढणी उचलली तर आतून गरम वाफ आल्यासारखी हवा आली आणि मुलीची मान घामाने चिंब झाली होती. सावली होते, पण हवा कोंडते. त्यानंतर टप पुढे ओढायचा, समोरची बाजू उघडी ठेवायची आणि साडेआठच्या आत घरी यायचे, असा नियम केला.

टेकडीचा खरा उपद्रव म्हणजे बाभळीचे काटे. पहिले पंक्चर झाले तेव्हा मी गाडी ढकलत आमच्या सायकलच्या दुकानात नेली. दुकानदारांनी चष्मा वर करून विचारले, "ताई, ही कुठल्या कंपनीची रिक्षा?" मग त्यांनी चाक काढले, टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधला, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे पाहिले, कानशीने घासून सोल्यूशन लावले आणि पॅच ठोकला. गंमत पुढे होती. सायकलचा पंप व्हॉल्व्हला बसेना, कारण आपल्याकडच्या साध्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा आणि या गाडीचा स्कूटरसारखा. पेट्रोल पंपावरच्या हवेचा मोह टाळायला त्यांनीच सांगितले, कारण एवढ्या चिमुकल्या ट्यूबमध्ये ती क्षणात नको तेवढी भरते आणि टायरवर तर ३० पीएसआय दाबाची मर्यादा छापलेली आहे. शेवटी शेजारच्या गॅरेजमधून पायाने मारायचा पंप आला. लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब या गाडीला चालते, हाही त्यांचाच शोध. मात्र व्हॉल्व्ह वाकडा असलेली ट्यूब घ्यावी, नाही तर आऱ्यांच्या मधल्या जागेत पंपाचे तोंडच जात नाही.

दिवाळीत गाडी दापोलीजवळच्या सासरच्या गावी नेली. मुरुडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या खालची ओली, घट्ट वाळू तिने डांबरी रस्त्यासारखी कापली. कोरड्या वाळूत मात्र पुढचे चाक रुतून बसले आणि आम्ही तिला बैलगाडीसारखे उलटे ओढत बाहेर काढले. रात्री नवऱ्याने बेअरिंगा गोड्या पाण्याने धुऊन तेल सोडले, कारण खाऱ्या हवेचा अनुभव त्याच्या घरच्या प्रत्येक बिजागरीला आहे. घराकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाडीपुढे, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेपुढे तर गाडीने हातच टेकले. तिथे सासूबाईंनी नातीला कडेवर घेतले, साठ पायऱ्या उतरल्या आणि खाली पोहोचल्यावर माझ्याकडे एकदाच पाहिले. पुण्यात मात्र त्याच सासूबाई संध्याकाळी वाहनतळात तिला गाडीत बसवून, पाची पट्टे लावून मऊ भात भरवतात, कारण पट्ट्यांमुळे ती पळत नाही.

ठाण्याच्या जाऊबाईंना दिवस गेले आहेत आणि गाडी पुढे त्यांच्याकडे जावी, असे घरात चालले आहे. त्या चौथ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. बारा किलो रोज चार मजले वर आणि चार मजले खाली, हे मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितले. त्यांनी छत्रीसारखी मिटणारी गाडी घ्यावी, असे माझे मत आहे.

मुलगी आता अडीच वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात पाचवे पंक्चर झाले, तेव्हा ती दुकानात घमेल्यापाशी उकिडवी बसली आणि बुडबुडा दिसताच "इथे!" म्हणून ओरडली. येताना तिला गाडीत बसायचे नव्हते. खांबांपाशी आल्यावर ती आजीचे बोट धरून त्या फटीतून आरामात पलीकडे गेली, आणि मी रिकामी गाडी घेऊन रस्त्यावरून वळसा घालून येईपर्यंत दोघी पदपथावर थांबल्या.