कॅलेंडरवरचे लाल टिपके

दसऱ्यानंतरचा शुक्रवार होता, १८ ऑक्टोबर २०२४. आमच्या बीड जिल्ह्यात हे दिवस ऊसतोडीसाठी गावं रिकामी होण्याच्या आधीचे. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरात आलेली असते, गाडी कधी निघणार ते ठरायचं असतं, आणि बाया निघण्याआधीची कामं एकेक करून उरकत असतात. लेकरांचे दाखले, म्हातारीची औषधं, आणि कधीकधी पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढणं.

उपकेंद्राच्या बाकावर ती सकाळपासून बसून होती. वय एकतीस, दोन लेकरं, मूल बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं. ओपीडी संपल्यावर आत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "सिस्टर, चिठ्ठी द्या. पिशवी काढायची हाय."

२०१९ मध्ये बीडचं नाव या एका गोष्टीसाठी सगळीकडे झालं. सरकारनं समिती नेमली, आम्ही आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघर फिरलो. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी आधीच काढलेली निघाली. तेव्हापासून खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. म्हणून ही चिठ्ठी.

"कशासाठी?"

"महिन्यातून दोन-दोन, तीन-तीन बार अडचण येती. डाक्टर म्हनला पिशवीला सूज हाय, ठिवली तर कॅन्सर व्हईल."

तिला मी ओळखत होते. मे महिन्यात पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन आली होती. तेव्हा तिला विचारलं होतं, शेवटची पाळी कधी आली? ती म्हणाली होती, "बाजाराच्या दिशी." कोणत्या बाजाराच्या, ते काही सांगता येईना. या प्रश्नावर सगळ्याच बाया अडतात. गरोदर बाईची नोंद करताना शेवटच्या पाळीची तारीख लागते, तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवून आम्ही बाळंतपणाची तारीख काढतो. समोरून उत्तर येतं, "नागपंचमीला मी बाहेरच होते." मग मी पंचांग उघडते. (नर्सिंगला असताना मलाही माझी तारीख कधी आठवायची नाही, हे त्यांना सांगत नाही.) तर मे महिन्यात तिला सांगितलं होतं, पाळी आली की कॅलेंडरवर खूण कर. आशाताईनं मोबाईलमधलं ॲप सुचवलं होतं, पण घरातला मोबाईल नवऱ्याच्या खिशात असायचा.

"खुणा केल्यास का?"

"पोरीनं केल्यात."

आशाताई तिच्या घरी जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यासकट घेऊन आली. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, आणि त्यांच्यामध्ये लाल स्केचपेननं काढलेले टिपके. सातवीतल्या पोरीनं एकही चुकवला नव्हता. मी कागद घेऊन फक्त पहिल्या दिवसांच्या तारखा उतरवल्या. ३ जून. २८ जून. २३ जुलै. १७ ऑगस्ट.

मोजलं. पंचवीस. पंचवीस. पंचवीस.

पुन्हा मोजलं. इतकी नेमाची पाळी मी रजिस्टरात क्वचित पाहिली आहे. २४ ते ३८ दिवसांत येणारी पाळी आम्ही नेहमीची धरतो. पंचवीस दिवसांची पाळी ३ जूनला आली की २८ला येणारच, आणि जून महिन्यात ती "दोनदा" दिसणारच. त्यात तिची मोजायची रीत वेगळी. अंगावरचं थांबलं त्या दिवसापासून पुढची येईपर्यंत ती मोजायची, म्हणजे झाले वीसच दिवस. घरी सासू मोजायची तिथीवर. जुलैतली आली पुनवेनंतर दोन दिवसांनी, ऑगस्टमधली राखीपुनवेच्या दोन दिवस आधी. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, पंचवीस दिवसांची पाळी दर खेपेला चार-पाच तिथी मागं सरकणारच. सासू म्हणायची, "हिचं काहीतरी बिघडलंय, अलीकडं अलीकडं येतंय."

पण पुढच्या पानांनी मला गप्प केलं. १५ सप्टेंबर, ६ ऑक्टोबर, १५ ऑक्टोबर. इथं नेम मोडला होता, आणि बाई खोटं बोलत नव्हती. हिशोबानं पाळी यायची होती ११ सप्टेंबरला. त्या चौकोनात छापलेलं होतं: गौरी पूजन.

"गोळ्या खाल्ल्या होत्यास?"

ती खाली बघायला लागली. घरात गौरी उभ्या, करणारी ही एकटी, सासूचे गुडघे गेलेले. मेडिकलवाल्याकडनं पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या. विसर्जनापर्यंत खाल्ल्या, बंद केल्या, तिसऱ्या दिवशी अंगावरून गेलं. मग नवरात्र. घट बसायच्या आदल्या दिवसापासून परत गोळ्या. मधेच पाकीट संपलं, दोन दिवस खाडा पडला, लगेच डाग दिसले. नवं पाकीट आणून दसऱ्यापर्यंत खाल्ल्या, आणि पंधराला पुन्हा सुरू.

मी तिला भिंतीला लावलेल्या टेकूचं सांगितलं. पिशवीच्या आत दर महिन्याला अस्तर तयार होतं. गोळी म्हणजे त्याला लावलेला टेकू. टेकू काढला की अस्तर दोन-तीन दिवसांत पडतं. तू तीनदा काढलास, तीनदा पडलं.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिला हायसं वाटेल. ती म्हणाली, "म्हंजी पाळी बराबर हाय. मंग फडावर माजा खाडा चुकल का?"

एका खाड्याचे, म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाचे, पाचशे कापतात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, मोळी डोक्यावर घेऊन गाडीची फळी चढायची, आणि कापड बदलायचं ते रात्री पालावर आल्यावर. पिशवी नसली तर महिन्यातले हे चार-पाच दिवस टळतात. तिचा हिशोब चुकीचा नव्हता. माझा फक्त कॅलेंडरपुरता बरोबर होता.

मी चिठ्ठी दिली, पण सोनोग्राफीची. हिमोग्लोबिन ९.१ भरलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. एकतीसाव्या वर्षी पिशवी काढल्यावर, त्यातून अंडाशयही काढले तर, हाडं आणि कंबर कशी जाते ते सांगायला शेजारच्या गल्लीतली एक जण बोलावली. तिची पिशवी सव्विसाव्या वर्षी गेलेली. माझ्यापेक्षा तिचं ऐकलं असावं. सोनोग्राफीत पिशवी चांगली निघाली, सूज नव्हती की गाठ नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ती पुढच्या तारखा लिहून न्यायला आली. मी लिहून दिल्या: ९ नोव्हेंबर, ४ डिसेंबर, २९ डिसेंबर. गोळ्यांमुळे पहिली एखादी इकडंतिकडं होईल, असंही सांगितलं. तिनं बोट ठेवून वाचलं आणि हसली. "डिसेंबरात परत दोनदा."

डिसेंबर संपता संपता कारखान्यावरून नवऱ्याच्या मोबाईलवरून फोन आला. मागं कुत्री भुंकत होती, ट्रॅक्टर चालू होता.

"सिस्टर, तुमी एकोनतीस लिवलं व्हतं. सत्तावीसलाच आली."

"चालतं गं दोन दिवस. खाडा केलास?"

"नाय केला," ती म्हणाली. "टिपका केला."