गटारावरच्या रॅम्पची परवानगी: माझा अनुभव

आमचं रो-हाऊस लहान. फाटकापासून पोर्चपर्यंत 18 फूट लांब, 14 फूट रुंद जागा; एक गाडी आणि आईची तुळस मावली की संपली. तिथली शहाबादी फरशी चाकांखाली फुटली होतीच, पण खरी अडचण रस्त्याची. दर वेळी जुना थर न खरवडता वरच डांबर टाकत गेले, रस्ता आमच्या अंगणापेक्षा उंच झाला आणि पावसाचं पाणी फाटकातून आत यायला लागलं. म्हणून यंदा सगळं उकरून पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं.

ब्लॉकचं काम आठवड्याचं. घोडं अडलं ते फाटकासमोरच्या गटारावर. गटार पालिकेचं, त्यामुळे जुना रॅम्प फोडून नव्या पातळीला करायचा तर वॉर्ड ऑफिसची परवानगी हवी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कराची पावती, मंजूर नकाशा आणि फोटो जोडून अर्ज थेट इंजिनिअरांच्या हातात दिला. "चार दिवसांत पाहणी करू," म्हणाले. त्या शब्दावर मी मिस्त्रींना खोदाई सुरू करायला सांगितली. ही माझी मोठी चूक. कागद हातात आल्याशिवाय कुदळ लावू नका.

पंधरा दिवसांनी गेले तर कारकून म्हणाले, फाइल रस्ते विभागात. रस्तेवाले म्हणाले, गटार ड्रेनेजकडे. ड्रेनेजवाल्यांना आधी रस्त्यांचं ना-हरकत पाहिजे होतं. तिन्ही टेबलं एकाच व्हरांड्यात, मी मात्र प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा टाकत होते. चौथ्या खेपेला उत्तर मिळालं, "मॅडम, अर्ज सापडत नाही, परत द्या." माझ्याकडे आवक क्रमांक नव्हता, भांडणार कशाच्या जोरावर? दुसरा अर्ज आवक खिडकीत दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घेऊनच निघाले.

इकडे फाटकात दीड फूट खड्डा. आई 79 वर्षांची, वॉकरने चालते. खड्ड्यावर फळी टाकून तिला दंडाला धरून बाहेर काढायचं. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, मुरमाचा चिखल झाला आणि फळी सरकली. वॉकरच्या पायाचं रबरी बूच निघून चिखलात रुतलं. आईने फाटकाचा गज घट्ट पकडला म्हणून पडली नाही. तिची बोटं गजावरून सोडवताना माझेच हात कापत होते.

त्याच रात्री माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, आणि मोजकी मागणी: माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावरच्या टिप्पणीची प्रत. कायद्याने उत्तराला 30 दिवस असतात. आठव्या दिवशी फोन आला, "उद्या पाहणीला येतो."

पाहणी दहा मिनिटांत झाली. अट एवढीच: गटारावर सलग स्लॅब नको, साफसफाईला उचलता येतील अशी आरसीसी झाकणं हवीत आणि रॅम्प डांबरावर यायला नको. अट रास्तच आहे. पहिल्याच दिवशी सांगितली असती तर 47 दिवस वाचले असते, याचा राग अजून जात नाही.

आता कामाचं. उतार घरापासून फाटकाकडे, 10 फुटांना अडीच इंच. आमच्याकडे एकूण साडेचार इंच बसला. रस्ता उंच असेल तर फाटकाच्या आत आडवी चर घ्या, वर लोखंडी जाळी, पाणी पाइपने गटारात. पण गटाराचा तळ चरीच्या तळाखाली आहे ना, हे आधी पाण्याच्या नळीने लेव्हल काढून बघा. नाहीतर गटारच उलटं आत येईल. काळी माती लागली तर पूर्ण काढून मुरूम भरा, ती पावसात फुगते आणि ब्लॉक उचलते. एका गाडीला 60 मिमीचे ब्लॉक पुरतात, मात्र खालची धुमसाई, म्हणजे भराव ठोकून घट्ट करणं, नीट करून घ्या. कडेचे कर्ब काँक्रीटमध्येच बसवा, नाहीतर ब्लॉक हळूहळू सरकतात.

आणि हो, झाकणांना ओतकामाच्या वेळीच सळईच्या कड्या ठेवायला सांगा. जुलैत गटार तुंबलं तेव्हा सफाई कामगारांनी पहार न लावता झाकणं उचलली, गाळ काढला आणि जशीच्या तशी परत बसवली.