उंची बघून आवाजाचा अंदाज का चुकतो

फोनवर भारदस्त आवाज ऐकला की आपण मनातल्या मनात सहा फुटी धिप्पाड माणूस उभा करतो आणि प्रत्यक्षात निघतो चणीने एकदम लहान. मला हा प्रकार फार आवडतो, कारण त्यामागे शरीराची एक भारी गोष्ट आहे. स्वरयंत्र कूर्चेचं असतं आणि ते गळ्यातल्या हायॉइड हाडाखाली लोंबतं, ते हाडही दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्याने जोडलेलं नसतं. म्हणजे सांगाडा वाढला की स्वरयंत्रही त्याच प्रमाणात वाढलं पाहिजे असं काही नाही. मुलगा वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे ते वेगळंच वाढतं, गळ्यावरची घाटी पुढे येते ती तेव्हाच. बायका आणि पुरुषांच्या उंचीत सरासरी ७-८ टक्के फरक असतो, पण ज्यांच्यावर आवाजाची पट्टी ठरते त्या स्वरतंतूंचा कंप पावणारा भाग बायकांमध्ये साधारण १० मिलिमीटर आणि पुरुषांमध्ये १६! त्यामुळे सगळ्यांना एकत्र धरलं तर उंचीचा संबंध दिसतो खरा, पण फक्त पुरुष किंवा फक्त बायका घेतल्या की आवाजाच्या पट्टीवरून उंची ओळखणं जवळपास जमत नाही.

उंचीशी खरं नातं आहे ते स्वरतंतूंच्या वर ओठांपर्यंत जी पोकळी असते तिच्या लांबीचं. १९९९ मध्ये फिच आणि गीड यांनी २ ते २५ वर्षांच्या १२९ जणांचे एमआरआय मोजून हे दाखवलं. ती पोकळी आवाजाचा पोत ठरवते, पट्टी नाही.

आता स्वरतंतूंची लांबी मोजायची तर सीटी स्कॅनमध्येही सोपं नाही, स्कॅनचा काप स्वरतंतूंना समांतर नसला तर लांबी चुकते, शिवाय श्वास घेताना ते उघडे, बोलताना मिटलेले, आणि वरचा सूर लावला की ताणून लांब होतात, मग कुठली लांबी खरी म्हणायची? १० मिलिमीटरमध्ये अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी ५ टक्क्यांची चूक. एमआरआयला वेळ लागतो, तेवढ्यात पेशंट आवंढा गिळतो आणि चित्र हलतं. दुर्बिणीतून स्वरतंतू छान दिसतात पण जवळून मोठे, लांबून छोटे, सोबत मोजपट्टी नसतेच. मग बरेचदा थायरॉइड कूर्चेची (जिच्यामुळे गळ्यावर घाटी दिसते ती) मापं घेऊन अंदाज बांधतात, आणि उंची-वजनापेक्षा मला तो कितीतरी जास्त भरवशाचा वाटतो.

एका स्वरतंतूला लकवा झाला की त्याला बाजूने आधार द्यायला इम्प्लांट बसवतात ना, तिथे हे सगळं कामाला येतं. तिथे माणूस किती उंच आहे यावर साइझ ठरवून चालत नाही, म्हणूनच ते ऑपरेशन बहुतेक वेळा फक्त जागा बधिर करून करतात आणि मध्येच पेशंटला बोलायला लावून आवाज ऐकत ऐकत माप पक्कं करतात.