ॲस्टरिना: दगडाला चिकटून वाढणारे छोटे तारामासे

बहुतेक तारामासे अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून मोकळे होतात. त्यातून निघणारे डिंभ, म्हणजे अगदी लहान पिल्लं, प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि त्यातले फारच थोडे तगतात. ब्रिटनपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यांवर सापडणाऱ्या ॲस्टरिना जिबोसाची तऱ्हा वेगळी. तो अंडी दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवतो आणि त्याचा डिंभ पोहतच नाही.

पाच आखूड, बोथट बाहू, फुगीर पाठ, रंग हिरवट किंवा करडा, रुंदी फार तर पाच-सहा सेंमी. लहानपणी हा नर असतो, वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे फक्त मोठे तारामासे उचलून नेले, तर त्या किनाऱ्यावरच्या माद्याच संपतात.

अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, नारिंगी, बलकाने भरलेलं. बाहेर आलेला डिंभ काही खात नाही, बलकावरच जगतो. पुढच्या टोकाला दोन पाळ्या असतात, त्यांनी तो दगडाला धरून राहतो. मग मधल्या चिकट चकतीने एका जागी पक्का बसतो. धरून ठेवणारा भाग हळूहळू आटतो आणि दुसऱ्या बाजूला पाच कोन उमटतात. भिंगातून हे पाहायला मिळालं तर जरूर पाहा, फार सुंदर दिसतं.

याचा भाऊबंद ॲस्टरिना फायलॅक्टिका त्याहून लहान, साधारण दीड सेंमीचा. जिबोसापेक्षा ही जात निराळी आहे, हे 1979 मध्ये नोंदवलं गेलं. गडद हिरव्या पाठीवर तपकिरी चांदणी असते. हा उभयलिंगी आहे आणि अंड्यांवर स्वतः बसून राखण करतो.

पिल्लं वाहून जात नाहीत, हाच या दोघांचा कच्चा दुवा. एखादी जागा उजाड झाली, तर दूरच्या किनाऱ्यावरून नवी पिल्लं येत नाहीत. फेब्रुवारी 1996 मध्ये वेल्समध्ये 'सी एम्प्रेस' जहाजातून सुमारे 72,000 टन तेल सांडलं, तेव्हा वेस्ट अँगल बेमधले फायलॅक्टिका अगदी मोजके उरले. उरलेल्यांच्याच पिल्लांनी ती वस्ती पुन्हा उभी राहिली.

पाहायला जाणार असाल तर उधाणाची ओहोटी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची सर्वात खोल ओहोटी, गाठा. दगड सावकाश उचला, आधी खालची बाजू पाहा. नारिंगी ठिपके दिसले तर दगड लगेच पूर्वीसारखा, त्याच खळग्यात ठेवा. उलटा राहिला तर अंडी उन्हाने वाळतात आणि वरच्या बाजूचं शेवाळही दबून मरतं. चिकटलेला तारामासा ओढून काढू नका, त्याचे नलिकापाद, म्हणजे खालचे नळीसारखे बारीक पाय, तुटतात.