तुम्ही विचारलंत म्हणून: "मूळचे कोण?"

हा प्रश्न मला वर्षातून निदान आठ-दहा वेळा तरी येतो. आडनाव मराठी, बोलणं नगरकडचं, डब्यात भाकरी नि ठेचा, आणि रविवारी सकाळी चर्चला जाते म्हटलं की समोरचा जरा थांबतो. आधी विचारतात, गोव्याचे का? नाही. मग वसईचे? तेही नाही, नगरचे, आता अहिल्यानगर. मग आवाज थोडा खाली येतो आणि खरा प्रश्न येतो, नाही म्हणजे, मूळचे कोण तुम्ही, ख्रिश्चन व्हायच्या आधी?

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या काकूंनी विचारलं. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, ओळख वाढवायची म्हणून विचारलं. गॅसवर चहा उतू चालला होता, मी म्हटलं सांगते नंतर, आणि ते राहूनच गेलं. मी तेव्हा टाळलं असं त्यांना वाटू नये, आणि इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंय तर एकदा नीटच लिहावं म्हणून बसले.

आधी माहितीचं उत्तर देऊन टाकते. पप्पांच्या बाजूने आम्ही मातंग. लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि मी लपवत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले, आणि नंतरच्या काळात आजूबाजूच्या गावांतली महार-मातंग घरं प्रभूकडे आली, त्यातलं एक आमचं. पप्पांचे आजोबा एका बागायतदाराकडे सालगडी होते. आईच्या बाजूचं मात्र मला सांगताच येत नाही, कारण ते कोणालाच माहीत नाही. आईची आजी, म्हणजे माझी पणजी, 1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. स्वतःचं नाव तेवढं सांगता येत होतं, गावाचं नाव नाही, आईबापाचं नाही. घराजवळ विहीर होती आणि विहिरीवर चिंचेचं झाड होतं एवढं तिला आठवायचं, आता नगर जिल्ह्यात अशी किती गावं निघतील. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे बापाच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली होती, आजीने ती स्वतः बघितली होती आणि बोटाने हवेत रेघ ओढून आम्हाला दाखवायची.

म्हणजे मूळ कोण याचं माझ्याकडे अर्धं उत्तर आहे आणि अर्ध्याच्या जागी रेघ आहे. तरी मी कोण हे मला माहीत आहे, आणि ते सांगायचं तर "मी देवाचं लेकरू आहे" एवढंच सांगावं लागतं. हे वाक्य चर्चच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, लग्नाच्या पत्रिकेवर इतकं छापलेलं असतं की ते वाचून कोणाला काही होत नाही. मलाही होत नव्हतं. शाब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठ केलेलं, बक्षीस मिळालेलं, बस.

मला ते कळलं चाळिशीत, आणि ते सुद्धा पाठीवर पडून.

मी नर्स होते. आमच्याकडच्या मुलींचा ठरलेला रस्ता, नर्सिंग नाहीतर डीएड. सोळा वर्षं वॉर्डात काढली, रात्रपाळ्या, आयसीयू, सगळं, आणि हळूहळू माझं नावच सिस्टर झालं. भाजीवाला सिस्टर म्हणायचा, शेजारचे रात्री दोन वाजता बीपी बघायला सिस्टर म्हणून बोलवायचे, चर्चमध्येही कोणाला चक्कर आली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मला ते आवडायचं, खरं सांगते, फार आवडायचं. मग एका पेशंटला बेडवर सरकवताना पाठीत कळ आली, एमआरआयमध्ये स्लिप डिस्क निघाली, आणि नऊ महिने मी घरात. पहिले पंधरा दिवस भेटायला माणसं आली, महिन्याने कमी झाली, तिसऱ्या महिन्यात फोनसुद्धा थांबले, कारण आता माझा कोणाला उपयोग नव्हता, आणि लोक वाईट होते असं नाही, त्यांची माझी ओळखच उपयोगाची होती. दुपारी सगळे बाहेर गेले की मी पंख्याकडे बघत पडायची आणि डोक्यात एकच, ड्युटी नाही तर मी कोण? नवऱ्यावर ओझं, मुलीवर ओझं. प्रार्थना करायची तर तोंडातून शब्द निघायचा नाही, कारण देवापुढेही मी आजवर काहीतरी केल्याची यादी घेऊनच जात आले होते हे मला तेव्हा दिसलं.

त्या दिवसांत आमच्या पाळकबाई यायच्या, म्हणजे पाळकांची बायको. जास्त बोलायच्या नाहीत, एक छोटा उतारा वाचायच्या आणि जायच्या. बायबलात येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची, त्यातल्या मार्कचा पहिला अध्याय त्यांनी एकदा वाचला. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि आकाशातून वाणी होते, तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. बाई पुस्तक मिटताना एवढंच म्हणाल्या, बघ, अजून त्याने एक आजारी बरा केलेला नाही. त्या गेल्या आणि मी कितीतरी वेळ त्याच वाक्यावर. खरंच की. तोवर एक चमत्कार नाही, एक प्रवचन नाही, एक शिष्य नाही, लूक सांगतो तसं साधारण तीस वर्षांचं वय आणि ती वर्षं नासरेथच्या सुतारकामात गेलेली, आणि बाप म्हणतो मी संतुष्ट आहे. कशावर संतुष्ट? काहीच नाही तिथं दाखवायला, फक्त मुलगा आहे. आणि मत्तयात लगेच पुढच्याच अध्यायात सैतान येतो तो काय म्हणतो, देवाचा पुत्र असलास तर या दगडांच्या भाकरी कर. त्यातला "तर" मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. बाप म्हणतो आहेस, हा म्हणतो असलास तर करून दाखव. माझं सगळं आयुष्य त्या "तर"मध्ये गेलं होतं, चांगली मुलगी असलीस तर, चांगली सून असलीस तर, चांगली सिस्टर असलीस तर.

मग मी उधळ्या पुत्राची गोष्ट परत वाचली, लूकचा पंधरावा अध्याय, जी आपण सगळे धाकट्याची गोष्ट म्हणून ऐकतो. पैसे उडवून, डुकरं राखून, भुकेने घरी निघालेला धाकटा वाटेत भाषण तयार करतो, बाबा, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. आणि शेतावरून आलेला थोरला अंगणात उभा राहून काय म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची सेवाचाकरी करतोय. म्हणजे दोघंही स्वतःला गडीच समजतायत! एकाला गडी व्हायचंय, दुसरा गडी होऊन बसलाय, आणि बाप बिचारा दोघांकडे बाहेर जातो, एकाकडे पळत जातो नि एकाला समजवायला जातो. धाकट्याचं मोलकऱ्याचं वाक्य तर त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही, त्याआधीच बाप झगा आणि अंगठी मागवतो. थोरल्याला म्हणतो, बाळा. एवढा मोठा झालेला, रागावलेला, दारात अडून बसलेला माणूस, त्याला बाळा. मी थोरली, आमच्या घरातही आणि स्वभावानेही. त्या "बाळा"ला मी रडले ते खूप वर्षांचं रडले.

सालगडी काय असतो ते आमच्या घरात माहीत आहे. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षभर मालकाच्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून तीच नांगरट, तीच रात्रीची पाण्याची पाळी, कधी कधी मुलापेक्षा गडीच जास्त राबतो. पण पाडवा आला की गड्याला विचार करावा लागतो, ठेवतात का यंदा. मुलाला पाडव्याची भीती नसते. योहानाच्या आठव्या अध्यायात येशू हेच म्हणतो, दास घरात कायम राहत नाही, पुत्र कायम राहतो. माझ्या पणजोबांनी हे वचन पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार करते. त्यांना कोणी समजावून सांगायची गरजच पडली नसेल.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, पण देवाचा पुत्र तो येशू, तुम्ही कशा? बरोबर आहे, आणि येशूचा प्रेषित पौलही तसंच सांगतो, आपण दत्तक. रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात शब्दच आहे, दत्तकपणाचा आत्मा, ज्याच्या योगे आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. दत्तक म्हटलं की आपल्याकडे काही लोक तोंड वाकडं करतात, सख्खं ते सख्खं वगैरे. पण दत्तक म्हणजे काय हे मराठी माणसाइतकं कोणाला कळावं? मालेगावकडच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्या दिवशी त्याला राज्य चालवता येत होतं का, धड लिहिता-वाचता तरी येत होतं का? नाही. शिकला नंतर, नाव आणि गादी आधी मिळाली. पौल ज्या रोमन जगात लिहीत होता तिथंही दत्तक मुलाला पूर्ण वारसा मिळायचा आणि मागची देणी पुसली जायची. दत्तक जाणाऱ्याकडे आपलं मूळ दाखवून काही मिळवायचं नसतं, घेणाऱ्याने घेतलं, झालं. योहानाच्या पहिल्या पत्रात त्यासाठी एक शब्द आहे, प्रीतिदान. आपल्याला देवाची मुले हे नाव मिळालं हे केवढं प्रीतिदान, आणि पुढे चारच शब्द जोडलेत, आणि आपण तसे आहोच. त्या "आहोच"मधला च मला फार प्रिय आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. आमच्यात जात नाही असं मी कोणाला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. लग्नाच्या बायोडेटावर जात लिहिलेली नसते पण फोनवर विचारतात, तुम्ही कुठल्या बाजूचे, आणि "बाजू" म्हणजे काय हे दोघांनाही माहीत असतं. एका स्थळाने माझ्या मावशीला यावरूनच नाही म्हटलं होतं, दोन्ही घरं एकाच टेबलाशी प्रभुभोजन घेणारी. मला याचा अजून राग येतो. आणि सरकारी कागदाचं वेगळंच, 1950 च्या आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत, शीख 1956 ला आणि बौद्ध 1990 ला त्यात आले, ख्रिस्ती अजून नाहीत. धर्म बदलला म्हणून गावाने वागणूक बदलली असं झालेलं नाही ना. म्हणून देवाचं लेकरू म्हणणं म्हणजे पणजोबांचं सोसणं पुसून टाकणं, असं मी कधीच मानणार नाही. ते सोसणं खरं होतं. फक्त गावाने त्यांना जे नाव दिलं ते शेवटचं नाव नव्हतं.

हे कळायला वरच्या जातीतून आलेल्यांनाही वेळ लागला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परत आल्या तरी सोवळं सुटत नव्हतं, आणि एक दिवस विचार करता करता त्यांच्याच लक्षात आलं की देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या. त्यांचं त्यांनी मनातलं सोवळं सोडलं ते बाप्तिस्म्याच्याही आधी. त्यांना ब्राह्मणपण सोडावं लागलं, माझ्या पणजोबांना खाली बघणं सोडावं लागलं. दोघांना नाव एकच मिळालं, आणि मला वाटतं दोघांनाही ते घ्यायला सारखंच जड गेलं असेल.

पाठ आता बरी आहे, वजन उचलता येत नाही म्हणून वॉर्ड सुटला, मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. सिस्टर म्हणतात अजून, छान वाटतं, पण रात्री झोपताना ते नाव मी बाजूला काढून ठेवू शकते.

तर काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना मला पणजीचीच आठवण होते. ती पुढे बायबल वुमन झाली, पिशवीत शुभवर्तमान घेऊन गावोगाव पायी फिरायची. गावात शिरली की बायका दारातूनच विचारायच्या, कुणाची गं तू? आपल्याकडे पोरीला तू कोण असं विचारतच नाहीत, कुणाची असंच विचारतात. आणि त्या उत्तरावर सगळं ठरायचं, ओट्यावर बसवायचं की खाली, पाणी भांड्यात द्यायचं की वरून ओंजळीत. रजिस्टरात बापाच्या जागी रेघ असलेली माझी पणजी म्हणायची, बापाची. कुठल्या बापाची? तुमच्या-माझ्या. काही दारं लागायची, काही बायका हसायच्या, एखादी आत जाऊन पाणी आणायची. आणि आजी सांगायची की ती मग ओट्याच्या पायरीशी पदर सावरून बसायची आणि वर ये म्हणेपर्यंत तिथंच बसून गायची.