गिटार जरा उतरलेलीच बरी

बोर्ड्स ऑफ कॅनडा या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीचं नाव काढलं की लोक लगेच १९९८ चा 'म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन' नाहीतर २००२ चा 'जिओगाडी' यावर सुरू होतात, आणि २००५ चा 'द कॅम्पफायर हेडफेज' म्हटलं की "हां, तो गिटारवाला ना, ठीकठाक आहे" एवढं बोलून विषय संपवतात. मला हे कधी पटलेलंच नाही. म्हणजे अख्ख्या अल्बमची वकिली मी करणार नाहीये, मधे एक पट्टा ढिला आहे, त्यावर येतेच नंतर. पण त्या गिटारचं त्या दोघांनी जे करून ठेवलंय ते इलेक्ट्रॉनिक म्युझिकमधे फार कमी जणांना जमलंय, आणि नेमक्या त्याच गोष्टीसाठी त्यांना शिव्या बसल्या.

ज्यांना हे लोक माहीतच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मायकल सँडिसन आणि मार्कस ओइन, स्कॉटलंडचे. एडिनबराजवळ पेंटलंड हिल्स म्हणून डोंगर आहेत तिकडे यांचा स्टुडिओ, 'हेक्सागन सन' नावाचा. मुलाखती कमी, लाइव्ह शो तर फारच क्वचित. दोघं सख्खे भाऊ आहेत हेसुद्धा त्यांनी कित्येक वर्षं लपवलं, ऑर्बिटल नावाचा अजून एका दोन भावांचा ग्रुप होता त्यांच्याशी तुलना नको म्हणून, आणि मग २००५ ला याच अल्बमच्या वेळी एका मुलाखतीत सांगून टाकलं. सुरुवातीच्या कॅसेटी-रेकॉर्डी स्वतःच्याच 'म्युझिक७०' या लेबलवर मोजक्या प्रती काढून वाटलेल्या, मग मँचेस्टरचं स्कॅम लेबल, मग वॉर्प. वॉर्प म्हणजे १९८९ ला शेफील्डमधे एका रेकॉर्डच्या दुकानातून सुरू झालेलं इंडिपेंडंट लेबल, मोठ्या कंपनीचं नाही, आणि म्हणूनच 'तीन वर्षं काही पाठवलं नाही तरी चालेल' असल्या माणसांना तिथे जागा मिळाली असावी असा माझा आपला अंदाज.

बँडचं नाव आलंय नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडावरून. दोघं लहानपणी काही काळ कॅनडात, कॅल्गरीला होते आणि तिथल्या सरकारी माहितीपटांचं संगीत डोक्यात बसलं ते बसलंच. आपल्याकडे ज्यांनी थिएटरात पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. झिजलेली प्रिंट, हलणारा सूर, मागे कुठलातरी सिंथ (म्हणजे सिंथेसायझर) नाहीतर सतार, आणि धरणावरची माहिती. त्या प्रिंटमधला जो आवाज होता ना, तो यांचा खरा विषय आहे. सूर नव्हे, सुराला लागलेली झीज.

आता गिटारकडे येऊ.

इलेक्ट्रॉनिक म्युझिक आणि अकूस्टिक गिटार एकत्र आणणं वरवर अगदी सोपं वाटतं आणि म्हणूनच बहुतेक वेळा ते फसतं. कॅफेमधे वाजतं ते ऐकलंय ना, एक आखीव बीट, एक मऊ पॅड, म्हणजे सिंथचा लांब पसरलेला सूर, आणि वरून नायलॉनच्या तारांची गिटार, चार नोट्स, पुन्हा त्याच चार नोट्स. वाईट काही नाही त्यात, पण दोन वेगळ्या खोल्यांत बसून वाजवल्यासारखं वाटतं. कारण गिटारची तार छेडली की तो आवाज त्याच क्षणी सर्वात मोठा असतो आणि तिथून पुढे फक्त विरत जातो, सिंथची की मात्र दाबून धरली की हवा तितका वेळ तसाच आवाज. गिटार वाजवणारा माणूस तालात किंचित मागेपुढे होतो, बोट तारेवरून सरकताना कर्रर्र होतं, मशीनचं मात्र सगळं मिलिसेकंदात मोजलेलं. मग लोक काय करतात, गिटार साफ करतात, कापतात, ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरने आखलेल्या तालाच्या चौकटीत, बसवतात, आणि मग ती गिटार राहतच नाही, गिटारच्या आवाजाचा कीबोर्ड होतो.

त्या काळात यावर डोकं लावणारे बाकीचेही होते. व्हिएन्नाच्या फेनेझने २००१ ला मेगो लेबलवर 'एंडलेस समर' काढला, त्यात त्याने गिटार लॅपटॉपमधे घालून तिचे तुकडेतुकडे केले, खरखर आणि त्याखालून मधूनच येणारे गोड कॉर्ड्स, अप्रतिम आहे पण घरच्यांसमोर लावायची सोय नाही, "वायर लूज आहे का बघ" असं ऐकायला लागतं. लंडनचा फोर टेट, म्हणजे किअरन हेबडन, त्याने २००३ च्या 'राउंड्स'मधे जुन्या रेकॉर्डींमधले तारवाद्यांचे तुकडे उचलून बीटवर पसरले. (याच माणसाने नंतर २०१५ ला 'मॉर्निंग/ईव्हिनिंग'मधे चक्क लताबाईंचा आवाज घेतलाय, वीस मिनिटांचा एक ट्रॅक आहे, ऐकला नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो ऐका. त्याची आई भारतीय वंशाची, त्यामुळे हे बाहेरून उचललेलं नाहीये.)

सँडिसन बंधूंनी तिसरंच काहीतरी केलं. गिटार स्वतः वाजवली, आणि मग तिला असं वागवलं की जणू ती कुठल्यातरी १९७६ च्या कॅसेटवर सापडलीय जी तीस वर्षं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडून होती. मशीनला माणसासारखं करायला गिटार आणली असं सगळे समजतात. इथे उलटं आहे, गिटारलाच मशीनच्या म्हातारपणातून काढलंय.

पहिला खरा ट्रॅक 'क्रोमाकी ड्रीमकोट' लावा. (त्याच्याआधी एक मिनिटाच्या आतला छोटा तुकडा आहे, 'इन्टू द रेनबो व्हेन', दार उघडण्यापुरता.) गिटारची एक साधी फिरत राहणारी ओळ, आणि ती ओळ सतत हलतेय. खाली जाते, वर येते, पुन्हा जराशी घसरते. माझा मामेभाऊ गिटार शिकवतो, त्याला मोठ्या कौतुकाने हे ऐकवलं तर अर्ध्या मिनिटात हेडफोन काढून म्हणाला, "अगं, याने ट्यून नाही का केली गिटार?" मी म्हटलं दादा, केलीय, नंतर बिघडवलीय. तर म्हणे, "मग कशाला बिघडवली?" आता या प्रश्नाला उत्तर काय देणार. आपण तानपुऱ्याच्या सावलीत वाढलेली माणसं, आपल्याकडे सूर उतरला म्हणजे उतरला, त्यात मजा असते हे सांगायला जावं तर लोक काळजीने बघतात.

पण ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता त्यांना हा आवाज माहितीये हो. सेल उतरायला लागले की गाणं रेंगाळायचं, गायक हळूहळू जाडा व्हायचा. कॅसेटची टेप एका बारीक लोखंडी दांडीच्या आणि रबरी रोलरच्या मधून ओढली जाते, तो वेग बदलला की सूर बदलतो, हिशोब सरळ आहे, वेग साधारण ६ टक्क्यांनी कमी झाला की सूर अर्ध्या स्वराने खाली. रोलर झिजलाय, टेप ताणली गेलीय, मोटर थकलीय, की हा वेग एकसारखा राहत नाही, हेलकावे खातो. इंजिनिअर लोक याला वाव आणि फ्लटर म्हणतात, हळू हेलकावा तो वाव आणि भराभर थरथर तो फ्लटर, आणि वर्षानुवर्षं त्यांनी हा दोष घालवायला पैसे खर्च केले. बोर्ड्स ऑफ कॅनडा तोच दोष वाद्य म्हणून वाजवतात. सिंथवर ते आधीपासूनच करत होते, पण सिंथ हलला तर कानाला तेवढं खटकत नाही, कारण सिंथचा सूर मुळात कसा असायला हवा होता हे आपल्याला ठाऊकच नसतं. गिटारचं आपल्याला ठाऊक असतं! त्यामुळे गिटार घसरली की पोटात काहीतरी होतं. माझ्या मते या अल्बमचं सगळं गुपित एवढंच आहे.

'सॅटेलाइट अँथम इकारस'मधे तर हे फारच सुंदर जमलंय, आरामात स्ट्रम केलेली गिटार, खाली जड पाय टाकत चालणारे ड्रम्स, आणि मागून सिंथचा एक सूर असा येतो की गिटारचा आवाज जिथे विरायला लागतो तिथून तो पुढे नेतो. मी वर म्हटलं ना तार विरते आणि सिंथ टिकतो, तर यांनी त्या फरकाचाच सांधा केलाय, कुठे गिटार संपली आणि कुठे सिंथ सुरू झाला ते हेडफोन लावूनसुद्धा धड सांगता येत नाही. 'पीकॉक टेल' पण तसाच, फक्त जरा जास्त उदास.

आणि मग 'डेव्हन काउबॉय'. हा ट्रॅक अल्बम न ऐकलेल्यांनीही ऐकलेला असतो. यातली गिटार अकूस्टिक नाही, ट्रेमोलो (आवाज भराभर कमीजास्त करणारा इफेक्ट) लावलेली, धूसर, पहिली जवळजवळ दोन मिनिटं बीटच नाही, नुसती ती गिटार तरंगत राहते आणि मग एकदम झांजा फुटतात आणि स्ट्रिंग्ज येतात. व्हिडिओ बघितल्याशिवाय हा ट्रॅक अर्धाच. अमेरिकन हवाई दलाचा जोसेफ किटिंजर १६ ऑगस्ट १९६० ला बलूनमधून १,०२,८०० फुटांवर गेला आणि तिथून त्याने उडी मारली, ते खरं फुटेज आहे व्हिडिओत. वर जाताना त्याच्या उजव्या ग्लव्हमधलं प्रेशर गेलं होतं, हात सुजला होता, आणि आपल्याला खाली बोलावतील म्हणून गड्याने ते लगेच सांगितलंसुद्धा नाही. तर तो पडतोय, पडतोय, आणि ढगांतून खाली येता येता तो समुद्रात जातो आणि तिथे लेअर्ड हॅमिल्टन अजस्र लाटेवर सर्फिंग करतोय, म्हणजे वेगळ्याच माणसाचं फुटेज जोडलंय पण आपण ते एका झटक्यात मान्य करतो. पाच मिनिटांचा ट्रॅक आहे. मला त्यातला बीट नसलेला भाग जास्त आवडतो, झांजांनंतरचा भाग जरा सिनेमावाला होतो असं माझं मत, पण या मताला आजवर कोणी दाद दिलेली नाही.

आता तक्रारी. एक तर पंधरापैकी चार ट्रॅक नुसते छोटे तुकडे आहेत, 'जिओगाडी'मधे असे तुकडे अंगावर यायचे, भीती वाटायची, इथे ते आले काय नि गेले काय. दुसरं, '८४ पॉन्टिअॅक ड्रीम' ते 'ऑस्कर सी थ्रू रेड आय' हा पट्टा मला एकसारखा वाटतो, तोच वेग, तीच दुपार. 'हे सॅटर्डे सन' आला की मात्र पुन्हा जाग येते, त्यातली गिटार इतकी आळशी वाजलीय की वाजवणारा बहुतेक आडवा पडून वाजवत असावा. आणि ज्या फॅन्सना आधीच्या अल्बममधली ती भुताटकी हवी होती, लहान मुलांचे उलटे वाजवलेले आवाज, आकडे, संकेत, त्यांची निराशा होणारच, इथे ऊन आहे, हायवे आहे, भुतं सुट्टीवर आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट, फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. बेस जातो आणि मग उरते ती फक्त हलणारी गिटार, आणि मग दादा म्हणतो तेच खरं वाटायला लागतं. साधे वायरवाले इयरफोन पण चालतील, शंभर-दोनशेवाले.

आणि अल्बम आवडला तर २००६ चा 'ट्रान्स कॅनडा हायवे' हा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, लगेच पुढे लावा. सुरुवातीला 'डेव्हन काउबॉय'च आहे, पण त्याच्यानंतर 'लेफ्ट साइड ड्राइव्ह' येतो तो ऐका, आणि मला सांगा की 'कॉन्स्टंट्स आर चेंजिंग'ला काढून हा ट्रॅक मूळ अल्बममधे का नाही घातला. मला तरी कारण सापडलेलं नाही.